ल्वारच्या खोऱ्यातले राजवाडे : तीन-चार दिवसांच्या सहलीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली या ठरलेल्या वाटेवरून थोडं बाजूला होऊन फ्रान्सच्या ग्रामीण भागात जायचं, नदीकाठचे राजवाडे पाहायचे, एवढं मनात आलं की पाठोपाठ शंका सुरू होतात. त्यांची ही उत्तरं. भारतातून जाणाऱ्यांना आणि युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना, दोघांनाही उपयोगी पडतील अशा बेताने लिहिली आहेत. सगळीकडे एकच आग्रह दिसेल: वाडे कमी बघा, पण नीट बघा.

हे खोरं नेमकं कुठे आहे, आणि एवढे वाडे तिथेच का?

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरांहून थोडी जास्तच. पॅरिसच्या नैर्ऋत्येला ब्ल्वा, आंब्वाझ, तूर, सोम्यूर अशी गावं तिच्या काठाने एकामागून एक येतात. सुली-सुर-ल्वार ते शालोन-सुर-ल्वार हा सुमारे २८० किलोमीटरांचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

वाडे इथेच का, याचं उत्तर युद्धात आहे. शंभर वर्षांच्या युद्धात १४२० ते १४३६ या काळात पॅरिस इंग्रजांच्या ताब्यात होतं. राजधानीच हातात नाही म्हटल्यावर फ्रान्सचा राजा सातवा शार्ल ल्वारच्या आसऱ्याने राहिला. युद्ध आटोपलं तरी राजघराण्याचा पाय इथून निघेना. शिकारीला रानं होती, मालवाहतुकीला नदी होती, आणि काठाच्या डोंगरांत तुफो नावाचा पांढरा, मऊ चुनखडीचा दगड होता. हा दगड करवतीने कापता येतो, त्यावर कोरीवकामही चांगलं उतरतं. आठवा शार्ल १४९४ मध्ये इटलीवर चालून गेला आणि परतताना तिथले कारागीर घेऊन आला. तिथून पुढे राजाचं पाहून सरदारांनी आणि खजिना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनीही बांधकामं काढली. १५२८ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने आपला मुक्काम पुन्हा पॅरिसकडे हलवायचं ठरवलं. दरबार गेला, वाडे राहिले.

आपल्या गडांसारखी चढण आहे का? बुरूज, तटबंदी, दारूकोठार असं काही बघायला मिळतं?

राजगड-रायगड डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर शाँबोर किंवा शनोंसोला थोडं चुकल्यासारखं वाटेल. हे राहण्याचे, मिरवण्याचे वाडे आहेत. सोळाव्या शतकात बांधताना बुरूज आणि खंदक ठेवले ते शोभेसाठी आणि खानदानी थाट दिसावा म्हणून. तोफांपुढे त्यांचा निभाव लागणार नाही, हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

खरे लढाऊ किल्ले याच भागात आहेत, मात्र सहलीच्या बसगाड्या तिकडे कमी वळतात. लोशचा चौकोनी दगडी मनोरा अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. आंजूचा सरदार फुल्क नेरा याने तो बांधवला आणि आजही तो ३६ मीटर उंच उभा आहे. शिनोंचा किल्ला व्हिएन नदीवरच्या उंच धारेवर पसरलाय. १४२९ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढायला उभी राहिलेली जोन ऑफ आर्क याच शार्लला, तेव्हाच्या राजपुत्राला, भेटायला आली ती इथेच. आंजेच्या किल्ल्याला काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचे १७ बुरूज आहेत आणि आत चौदाव्या शतकात विणलेला ‘प्रलया’चा पट टांगलेला आहे. बायबलमधल्या शेवटच्या ग्रंथावरचं हे विणकाम आज शिल्लक आहे तेवढंच सुमारे शंभर मीटर भरतं. गड पाहायची आवड असलेल्यांनी यांतला एक तरी घ्यावा. मी लोश सुचवेन, कारण किल्ल्याखालचं जुनं गावही तसंच टिकून आहे.

किती दिवस ठेवावेत? किती वाडे होतात?

तीन रात्री, चार-पाच वाडे. दिवसाला दोन ही वरची मर्यादा समजा. तिसऱ्या वाड्यात शिरेपर्यंत मखमली पडद्यांचे पलंग, भिंतीवरचे विणलेले पट आणि भल्यामोठ्या शेकोट्या एकमेकींत मिसळून जातात. घरी आल्यावर फोटो कुठल्या वाड्यातला यावर वाद होतात ते वेगळंच.

वेळेचा अंदाज असा: शाँबोरला निम्मा दिवस, शनोंसोला तीन तास, क्लो ल्युसेला बागेसकट तेवढेच, आझे-ल-रिदोला दीड-दोन तास. व्हिलाँद्रीला बागेत रमणाऱ्यांना अख्खी दुपार पुरत नाही, इतरांचं तासाभरात होतं.

पॅरिसहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

येतं, पण मग एकच गाव धरा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून ब्ल्वाला साधारण दीड-पावणेदोन तासांत गाडी पोहोचते. गावातला वाडा स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. हंगामात तिथूनच शाँबोरची बस मिळते. दोन्ही करून रात्री परत येता येतं. पॅरिसहून निघणाऱ्या सहलीच्या बसगाड्या एका दिवसात तीन वाडे दाखवतात, त्यात निम्मा वेळ महामार्गावर जातो.

खरंच एकच दिवस हाती असेल तर ल्वारचा हट्ट सोडून व्हो-ल-व्हिकोंतला जा, असं मी म्हणेन. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरांवर आहे. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फुके याने हा वाडा बांधला आणि १७ ऑगस्ट १६६१ रोजी राजाला मेजवानीला बोलावलं. तो थाट राजाला सहन झाला नाही. तीन आठवड्यांच्या आत फुकेला अटक झाली आणि उरलेलं आयुष्य त्याने कैदेत काढलं. वास्तुरचनाकार ल व्हो, चित्रकार ल ब्रं आणि बागा आखणारा ल नोत्र या तिघांना राजाने पुढे व्हर्सायच्या राजवाड्याच्या कामाला लावलं. व्हर्सायच्या गर्दीत जे नीट दिसत नाही ते इथे निवांत दिसतं.

मुक्काम कुठे करावा?

गाडी घेणार नसाल तर तूर. रेल्वेचे सगळे फाटे इथे जुळतात: आंब्वाझ वीसेक मिनिटं, शनोंसो अर्धा तास, लांजे वीस मिनिटं, आझे अर्धा तास, ब्ल्वा चाळीस मिनिटं, शिनों पाऊण तास. शिवाय संध्याकाळी परतल्यावर गावात जाग असते. प्लुमरो चौकात जुन्या लाकडी चौकटीच्या घरांखाली खुर्च्या मांडलेल्या असतात.

गाडी असेल तर आंब्वाझ किंवा त्याच्या आसपासचं एखादं खेडं. तिथे घरगुती मुक्कामाच्या सोयी भरपूर आहेत. यजमान स्वतः त्याच घरात राहतात, सकाळी घरचा मुरंबा आणि ताजा पाव देतात. तुफो दगडाच्या जुन्या खाणींत कोरलेल्या खोल्याही भाड्याने मिळतात. उन्हाळ्यात त्या गार असतात, पण दमा किंवा ओलीचा त्रास असणाऱ्यांनी विचार करूनच घ्याव्यात. ब्ल्वा शाँबोरला सोयीचं आहे, पण रात्री गाव लवकर झोपतं.

मध्येच हॉटेल बदलू नका. तीन रात्रींच्या सहलीत एक बदल म्हणजे अर्धा दिवस बॅगांच्या मागे.

रेल्वेने जाताना काय सांभाळावं?

पहिली गोष्ट म्हणजे सँ-प्येर-दे-कोर हे नाव लक्षात ठेवा. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून सुटणाऱ्या वेगवान गाड्या तासाभरात या भागात येतात खऱ्या, पण त्यातल्या बऱ्याच गाड्या तूर शहराच्या मुख्य स्थानकात न जाता शेजारच्या सँ-प्येर-दे-कोरला थांबतात. तिथून तूरला जोडगाडी पाचेक मिनिटांत नेते. शार्ल द गोल विमानतळावरूनही काही गाड्या थेट सँ-प्येर-दे-कोरला येतात. सकाळी विमानाने उतरून दुपारी ल्वारकाठी पोहोचायचं आणि पॅरिस शेवटी ठेवायचं, हा बेत मला जास्त आवडतो. परतीच्या विमानाची धाकधूक राहत नाही.

वेगवान गाड्यांची तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त. तूरहून आसपास जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांना आगाऊ आरक्षणाची गरज नसते, त्यांची अडचण वेगळी आहे: दिवसभरात फेऱ्या मोजक्याच. शनोंसोचं स्थानक वाड्याच्या फाटकाला लागून आहे, इतकी सोय दुसऱ्या कुठल्या वाड्याला नाही. पण एक गाडी चुकली तर पुढचीला दोन-तीन तासही लागू शकतात. परतीची वेळ आधी बघा, मग आत शिरा. आझेचं स्थानक गावापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे.

शाँबोर आणि व्हिलाँद्रीला रेल्वे नाही. ब्ल्वाच्या स्थानकावरून शाँबोर आणि शव्हर्नी अशी बस वसंतापासून शरद ऋतूपर्यंत धावते, हिवाळ्यात ती बंद असते. तूरहून निम्म्या दिवसाच्या छोट्या व्हॅनच्या सहली मिळतात. चौघे असाल तर गाडीच्या भाड्याशी त्यांची तुलना करून बघा.

स्वतः गाडी चालवावी का?

रस्ते सरळ, रहदारी कमी, वाड्यांना गाडीतळ मोठे. लोश, युसे, व्हिलाँद्री असे आडवाटेचे वाडे करायचे तर गाडीच हवी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो आरटीओकडून मिळतो आणि वर्षभर चालतो. पॅरिसमधून गाडी घेऊ नका. रेल्वेने सँ-प्येर-दे-कोरपर्यंत या आणि तिथे घ्या. आपोआप गिअर बदलणारी गाडी हवी असेल तर आधीच नोंदवा, कारण तिकडे अजून हाताच्या गिअरच्या गाड्या जास्त आणि ते गिअर उजव्या हाताला. डावीकडे बसून उजव्या बाजूने चालवताना पहिला तास जरा सांभाळून काढावा लागतो.

आपल्याकडच्या माणसाला गोंधळात टाकणारा नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. खेड्यात लहानशा गल्लीतून उजवीकडून कोणी आलं आणि पाटी काही वेगळं सांगत नसेल, तर तुम्ही मोठ्या रस्त्यावर असूनही थांबायचं तुम्हीच. बहुतेक गोल चौकांत मात्र आत फिरणाऱ्याचा हक्क आधी. गावात वेगमर्यादा ५०, गावाबाहेरच्या दुहेरी रस्त्यांवर साधारण ८०, महामार्गावर १३० किलोमीटर. कॅमेरे जागोजागी असतात आणि दंडाची चिठ्ठी भाड्याच्या गाडीमार्फत तुमच्या घरापर्यंत येते.

पहिल्यांदाच जातोय. नेमके कुठले वाडे?

शनोंसो आणि शाँबोर तर आलेच. पण दोन्ही एका दिवशी नकोत.

शनोंसो हा शेर नदीवर आडवा बांधलेला वाडा, आणि त्याचा इतिहास बायकांनी घडवला. तोमा बोइए या अधिकाऱ्याने १५१३ मध्ये जागा घेतली, पण तो लढायांमुळे इटलीत. कामावर देखरेख ठेवली ती त्याची बायको कातरीन ब्रिसोने हिने. पुढे १५४७ मध्ये दुसऱ्या आन्रीने हा वाडा आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला. ती त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठी. तिने नदीवर पूल बांधवला, बाग लावली, जमिनीचा हिशेब चोख ठेवला. १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी होऊन राजा गेला आणि राणी कातरीन द मेदिचीने लगेच दियानला वाडा सोडायला लावला, बदल्यात शोमोंचा वाडा गळ्यात मारला. मग राणीने सवतीच्या पुलावरच साठ मीटर लांबीचं दुमजली दालन चढवलं. आज आपण वाड्याचा जो फोटो ओळखतो तो या दोघींच्या भांडणातून आलाय. दोघींच्या बागाही वाड्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आहेत, दियानची मोठी.

पहिल्या महायुद्धात त्या दालनात रुग्णालय होतं, दोन हजारांहून जास्त जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि ‘मुक्त’ फ्रान्समधली सीमा होती. वाड्याचं पुढचं दार व्याप्त भागात आणि दालनाचं दक्षिणेकडचं दार पलीकडच्या काठावर. त्या दाराने माणसं निसटली. दालनाच्या टोकापर्यंत चालत जा आणि ते दार ओलांडून पलीकडच्या काठावरून वाडा बघा; बरेच लोक मध्येच परत फिरतात.

शाँबोर याच्या अगदी उलट. पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने हे प्रचंड प्रकरण सुरू केलं. चारशेहून जास्त खोल्या, २८२ शेकोट्या, भोवती ३२ किलोमीटरांची भिंत. राजा स्वतः इथे सगळे मिळून काही आठवडेच राहिला. दरबार आला की सामान बरोबर यायचं आणि दरबार हलला की जायचं, म्हणून आतल्या बऱ्याच खोल्या आजही ओक्याबोक्या वाटतात. सामानसुमान बघायला जाल तर निराश व्हाल. बघायचा तो मधला जिना: एकमेकांभोवती गुंफलेले दोन जिने, एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा खिडक्यांतून एकमेकांना दिसतात, पण गाठ पडत नाही. यामागे लिओनार्दो दा विंचीचं डोकं असावं असा अंदाज आहे, कागदी पुरावा नाही. जिना थेट गच्चीवर नेतो. तिथे धुराड्यांचं आणि मनोऱ्यांचं एक गावच वसलेलं आहे. वेळ कमी पडला तर खोल्या गाळा, गच्ची गाळू नका.

आंब्वाझला दोन ठिकाणं. वरचा राजवाडा, जिथे आठवा शार्ल १४९८ मध्ये ठेंगण्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटून वयाच्या २७व्या वर्षी गेला. आणि त्याच्यापासून चालत दहा मिनिटांवर क्लो ल्युसे, जिथे फ्रान्स्वाच्या बोलावण्यावरून १५१६ मध्ये लिओनार्दो राहायला आला आणि २ मे १५१९ रोजी वारला. त्याची कबर वरच्या वाड्यातल्या सँत-ह्युबेरच्या छोट्या देवळात दाखवतात. त्याने इटलीहून आणलेल्या चित्रांत मोना लिसाही होती असं मानलं जातं. पुढे १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातली चित्रं हलवली, तेव्हा तेच चित्र काही काळ शाँबोरला ठेवलं होतं. लूव्ह्रमध्ये माणसांच्या डोक्यांवरून ते बघाल तेव्हा त्याने ल्वारच्या दोन वाऱ्या केल्यात हे ध्यानात असू द्या.

ब्ल्वाचा वाडा इतिहासवेड्यांसाठी. एकाच चौकात उभं राहून तेराव्या ते सतराव्या शतकांच्या चार शैली दिसतात. वरच्या मजल्यावर २३ डिसेंबर १५८८ च्या सकाळी तिसऱ्या आन्रीने आपला प्रतिस्पर्धी, गीझचा ड्यूक, याला बोलावून अंगरक्षकांकरवी भोसकवलं. राजमाता कातरीन तेव्हा त्याच वाड्यात आजारी होती, दोन आठवड्यांतच गेली. सातेक महिन्यांनी राजाचाही खूनच झाला. अफझलखान-शाहिस्तेखानाच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलांना हा वाडा आवडतो, असा अनुभव आहे.

उरलेल्या वेळात व्हिलाँद्री किंवा आझे. व्हिलाँद्रीचा वाडा दुय्यम, बाग मुख्य. जोआकिम कार्व्हालो हा मूळचा स्पॅनिश डॉक्टर आणि त्याची अमेरिकन पत्नी यांनी १९०६ मध्ये वाडा घेऊन जुन्या पद्धतीच्या बागा नव्याने उभ्या केल्या. कोबी, बीट, भोपळे यांचे वाफे गच्चीवरून गालिच्यासारखे दिसतात. नुसत्या बागेचं तिकीट मिळतं, तेवढं पुरे. आझे लहान, आंद्र नदीच्या बेटावर. बाहेरून जास्त देखणं.

कुठल्या महिन्यात जावं? मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जमेल ना?

हवा मेमध्ये छान असते, अडचण फ्रेंचांच्या सुट्ट्यांची आहे. १ मे, ८ मे आणि पुढे आसेन्शन-पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या, या सगळ्यांना जोडून सलग रजा काढायची तिथे पद्धतच आहे. त्या शनिवार-रविवारी शनोंसो नको. मेच्या मधले साधे मंगळवार-बुधवार पकडा. महाराष्ट्र दिनाला आझे बंद असतं, तिथे तो कामगार दिन.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि बागा भरात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी जास्त, अलीकडे उन्हाळाही कडक. जुन्या घरांत वातानुकूलन असेलच असं नाही. सप्टेंबर हा माझ्या मते सर्वांत चांगला महिना. द्राक्षं उतरवण्याचे दिवस, व्हिलाँद्रीचे भाजीवाफे भरलेले, शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी बघावं की ऑक्टोबरच्या शेवटी तिथेही शाळांना सुट्टी असते, दिवस लहान होतात आणि वाडे लवकर बंद होतात. नाताळात शनोंसो, आंब्वाझ वगैरे वाडे आतून सजवतात, बागा मात्र झोपलेल्या.

तिकिटं आधी काढावीत का? साधारण खर्च?

शनोंसो आणि शाँबोरची ऑनलाइन काढा, बाकी दारात चालतात. दर वाड्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा प्रत्येक वाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. एक नवा बदल: २०२६ पासून शाँबोरसारख्या काही मोठ्या सरकारी ठिकाणी युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या प्रौढांना जास्त दर लावला आहे. आझेसारख्या सरकारी वाड्यांत १८ वर्षांखालच्या मुलांना सहसा तिकीट नसतं, खासगी वाड्यांत मुलांचंही लागतं. शनोंसो, व्हिलाँद्री, शव्हर्नी, क्लो ल्युसे ही सगळी खासगी. चौघांचं कुटुंब असेल तर या एका फरकाने बरेच पैसे वाचतात किंवा जातात.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची तारीख मिळवणं हेच मोठं काम असतं, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांना शुल्क ९० युरो, वर अर्ज केंद्राचा सेवाआकार. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अनेक देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री तिथल्या वकिलातीकडे अर्ज. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही हा व्हिसा लागतो, तिथला निवासी परवाना पुरत नाही.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

होत नाही, पण घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. खेड्यातली खानावळ दुपारी बारा ते दोन आणि रात्री सात-साडेसातनंतर. दुपारी तीन वाजता पोहोचलात तर गोड हसून नाही म्हणतील. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच खानावळी बंद.

या भागाचं खास म्हणजे बकरीच्या दुधाचं सँत-मोर चीज, मधोमध गवताची काडी घातलेलं लांबट. सॅलडवर गरम करून देतात. मागवताना डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे ‘लार्दों’, नकोत असं आवर्जून सांगा. सॅलड म्हणजे शाकाहारी असं तिथे कोणी गृहीत धरत नाही. ‘रियेत’ नावाचा पावावर लावायचा पदार्थ हा डुकराचाच. सोम्यूरकडे दगडाच्या जुन्या खाणींत अळंबी पिकवतात. त्या बाजूला ‘फुए’ नावाचे भट्टीतले फुगलेले छोटे पाव मिळतात, आत चीज, घेवडा किंवा अळंबी भरून. भाकरीची सवय असलेल्या जिभेला ते रुचतात. कुट्टूच्या पिठाचं धिरडं, म्हणजे ‘गालेत’, सगळीकडे मिळतं. शेवटी सफरचंदाचं उलटं तार्त तातँ, जे याच भागातल्या लामोत-ब्यूव्रोंचं. अंडं न खाणाऱ्यांना गोडात पर्याय कमी.

सर्वांत सुखाचा मार्ग म्हणजे बाजारातून पाव, चीज, टोमॅटो, फळं घेऊन नदीकाठी बसणं. आंब्वाझला शुक्रवारी आणि रविवारी सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. घरून चटणी, मेतकूट, दशम्या न्या. तूप, पेढे, श्रीखंड मात्र बॅगेत नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

लहान मुलं कंटाळतील का?

दालनामागून दालनं दाखवत फिरवलं तर नक्की. क्लो ल्युसेच्या बागेत लिओनार्दोच्या यंत्रांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत, काही हाताने फिरवता येतात. शाँबोरला भाड्याने टॅब्लेट मिळतो, तो खोलीत धरला की सोळाव्या शतकातली खोली दिसते. शव्हर्नीचा वाडा टिनटिनच्या चित्रकथा वाचणाऱ्यांना लगेच ओळखू येईल: त्यांचा चित्रकार एर्जे याने कॅप्टन हॅडॉकचं घर काढताना या वाड्याचे दोन कडेचे भाग वगळले, बाकी तसंच ठेवलं. तिथे शिकारी कुत्र्यांचा शंभराच्या आसपासचा कळप आहे आणि त्यांना खायला घालणं हा बघण्याचा कार्यक्रम असतो. कच्च्या मांसावर कळप तुटून पडतो. काही मुलांना ते भारी वाटतं, काहींना नाही.

ब्ल्वाच्या वाड्यासमोर जादूगार रॉबेर-उदँच्या नावाचं जादूघर आहे. तो याच गावचा. ठरावीक वेळाने घराच्या खिडक्यांतून सहा डोक्यांचा ड्रॅगन बाहेर येतो. तो बघायला तिकीट लागत नाही.

आई-वडील सोबत आहेत, जिने चढवत नाहीत.

व्हिलाँद्रीची बाग, शनोंसोचा तळमजला आणि लांब दालन, शाँबोरचा तळमजला एवढं तरी सहज होतं. आंब्वाझच्या राजवाड्याला चढ आहे. शाँबोरची गच्ची जिन्याखेरीज जमणं अवघड. शनोंसोला फाटकापासून वाड्यापर्यंत झाडांखालून बरंच चालायचं असतं, तेवढी तयारी ठेवा. फरसबंद गल्ल्यांत चप्पल नको, बूट हवेत. चौथा दिवस त्यांच्यासाठी मोकळा ठेवला तर सगळ्यांचीच सहल सुधारते.

सायकलने फिरता येतं असं ऐकलंय?

येतं, आणि जमत असेल तर एक दिवस तरी करा. ल्वारच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरांचा खुणा केलेला सायकलमार्ग आहे, बहुतेक सपाट. ब्ल्वाहून शाँबोर सोळा-सतरा किलोमीटर, शेवटचा टप्पा राखीव जंगलातून. तूरहून व्हिलाँद्रीही जवळपास तेवढंच. विजेवर चालणाऱ्या सायकली भाड्याने मिळतात. रेल्वेत सायकल नेता येते, उन्हाळ्यात मात्र डबे भरतात.

फ्रेंच येत नसेल तर?

वाड्यांत इंग्रजी चालतं, माहितीपत्रकंही मिळतात. खेड्यातल्या बेकरीत कदाचित नाही. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हणा, मगच काय हवं ते सांगा. थेट मागणी सुरू केली तर समोरच्याचा चेहरा लगेच आंबतो. हा त्यांचा रामराम आहे, तो आधी व्हायला हवा.

तीन रात्रींचा एक नमुना बेत सांगाल का?

तूरचा मुक्काम, गाडी न घेता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून बॅगा टाका, संध्याकाळ गावात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सोयीच्या गाडीने शनोंसो, दार उघडतानाच आत. दुपारी तूरला परत येऊन आंब्वाझला क्लो ल्युसे. तिसरा दिवस ब्ल्वामार्गे शाँबोरला द्या, बसच्या वेळा जुळल्या तर परतीच्या वाटेवर ब्ल्वाचा वाडा. चौथ्या दिवशी सकाळी व्हॅनने व्हिलाँद्री, किंवा रेल्वेने लांजे, जिथे १४९१ मध्ये आठव्या शार्लचं ब्रिटनीच्या आनशी लग्न लागलं आणि ब्रिटनी फ्रान्सला जोडलं जाण्याची वाट मोकळी झाली. तिथला वाडा स्थानकापासून पाच मिनिटांवर आहे. संध्याकाळच्या वेगवान गाडीने पॅरिस.

पाऊस लागला तर शाँबोर आणि ब्ल्वा यांची अदलाबदल करा. ब्ल्वात छपराखाली बघायला पुष्कळ आहे, शाँबोरची गच्ची भिजत बघण्यात अर्थ नाही.